रजा आधी, निर्णय नंतर

नोकरी करणाऱ्या बाईला दिवस जातात. घरात आनंद होतो. सासू देवापुढे साखर ठेवते. माहेरी निरोप जातो. आणि चार-आठ दिवसांतच एक प्रश्न घरात येऊन बसतो. तो म्हणजे, "आता कामाचं काय?"

शेजारीण म्हणते, "सोडून दे ना माय. लेकरू मोठं का नोकरी मोठी?" नवरा म्हणतो, "तू म्हणशील तसं." आई म्हणते, "एवढी वर्षं केलीस नोकरी, आता कायले सोडतेस?" आणि जिला हा प्रश्न विचारतात, तिचे तिलाच कळत नसते. सकाळी वाटते, जावे. रात्री वाटते, नको.

बहिणींनो, असे वाटण्यात काही चूक नाही. बाळ अजून जन्माला यायचे आहे. त्याची तब्येत कशी राहील, तुमची कशी राहील, घरी कोण मदतीला येईल, हे आज कोणाला सांगता येणार? जे आज कळत नाही, त्याचा निर्णय आज करण्याची घाई कशाला?

पण पुष्कळ बायका घाई करतात. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, आणि त्याच आठवड्यात राजीनामा लिहून देतात. "परत येईन की नाही ठाऊक नाही, मग रजा कशी मागू?" असे त्यांना वाटते. मी पुष्कळ वर्षे शाळेत हेडमास्तर होतो. रजेचे अर्ज माझ्या टेबलावर येत. ही शंका मी शिकलेल्या शिक्षिकांच्या तोंडूनही ऐकली आहे. म्हणून हा धडा लिहिला आहे. तो एका वाक्यात असा: रजा घेणे वेगळे आणि नोकरी सोडणे वेगळे. रजा आधी घ्या. निर्णय नंतर करा.

रजा म्हणजे उपकार नव्हे

पहिली गोष्ट. बाळंतपणाची रजा ही मालकाची मेहेरबानी आहे काय? नाही. तो कायद्याने दिलेला हक्क आहे. हा हक्क आपोआप मिळाला नाही. त्यासाठी माणसे भांडली आहेत.

आपल्या नागपुरात जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. पुढे मॉडेल मिल निघाली. या मिलांत हजारो माणसे कामाला होती. त्यांत बायाही होत्या. पहाटे भाकरी बांधून घ्यायची आणि भोंगा वाजायच्या आत फाटकात शिरायचे, असे त्यांचे जिणे होते. त्या काळी बाळंतपणाला पगारी रजा देण्याचे बंधन कोणावर नव्हते. कामावर गेले नाही की मजुरी बंद. म्हणून बाया दिवस भरेपर्यंत उभ्या राहून काम करीत, आणि अंगात ताकद येण्याआधीच परत कामावर जात.

मुंबईच्या मिलांत तर याहून वाईट होते. १९२० नंतर तिथे सरकारने चौकशी केली. आई कामावर गेली की लेकराने रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी चारतात, असे त्या चौकशीत दिसून आले. आईला माया नव्हती असे नाही. तिला रजा नव्हती.

जगातही या गोष्टीचा विचार सुरू झाला होता. १९१९ साली अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. बाळंतपणाच्या आधी सहा आणि नंतर सहा आठवडे विश्रांती मिळावी, त्या काळात पोटापुरता पैसा मिळावा, असा ठराव तिथे झाला. आपल्याकडे ना. म. जोशी यांनी १९२४ साली दिल्लीच्या कायदेमंडळात असे बिल मांडले. ते नापास झाले. पण प्रश्न मिटला नाही.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात पुन्हा असे बिल आले. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर उठून त्याच्या बाजूने बोलले. त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ असा की, आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे. म्हणून त्याचा भार खरे तर सरकारने उचलावा. पण बाईच्या कामातून मालकाचा फायदा होतो, तेव्हा मालकानेही आपला वाटा द्यायला हरकत नाही. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होते. मध्य प्रांताने १९३० साली आपला वेगळा कायदा केला. खाणीत काम करणाऱ्या बायांसाठी १९४१ साली कायदा झाला. नागपूरच्या भोवती कोळशाच्या आणि मँगनीजच्या खाणी आहेत, म्हणून आपल्या भागाला त्याचे महत्त्व होते. याच नागपुरात राधाबाई कांबळे यांच्यासारख्या मिलमध्ये काम केलेल्या बाईने कामगारांचे पुढारीपण केले.

स्वातंत्र्यानंतर कामगार राज्य विमा योजना आली. तिलाच आपण ई.एस.आय. म्हणतो. नागपुरात ती १९५४ साली सुरू झाली. १९६१ साली साऱ्या देशासाठी एक कायदा झाला. त्यात बारा आठवड्यांची पगारी रजा होती. २०१७ साली ती सव्वीस आठवडे झाली. आता १९६१ चा तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामील केला आहे. ही संहिता २०२० सालची आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. कायद्याचे नाव बदलले, पण सव्वीस आठवडे कायम आहेत.

एम्प्रेस मिल २००२ साली कायमची बंद झाली. भोंगा गेला. पण त्या बायांच्या कष्टातून आलेला हक्क आज हिंगण्याच्या कारखान्यात, बुटीबोरीत, मिहानमध्ये आणि सीताबर्डीच्या मोठ्या दुकानांत काम करणाऱ्या लेकीसुनांना उपयोगी पडतो. असा हक्क एका चिठ्ठीने सोडून देण्याआधी तो नीट समजून घ्या.

कायदा काय मागतो?

आता नीट लक्ष द्या. रजा आणि पगार मिळण्यासाठी कायदा बाईला एकच मुख्य अट घालतो. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत तिने त्या मालकाकडे निदान ८० दिवस काम केलेले असावे. ज्यांचा ई.एस.आय. कापला जातो त्यांच्यासाठी हिशेब थोडा वेगळा आहे. मागच्या दोन वर्गणी-काळांत, म्हणजे सुमारे एका वर्षात, निदान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी.

ही अट मागच्या कामाची आहे, हे पाहा. "मी पुढे नक्की परत येईन" असे वचन कायदा मागत नाही. रजेचा पगार हा तुम्ही केलेल्या कामावर मिळतो. म्हणून ज्या बाईचा निर्णय झालेला नाही, तिने रजा मागितली तर त्यात खोटेपणा नाही आणि कोणाची फसवणूकही नाही. मनात चोरटेपणा बाळगू नका.

हा कायदा कारखाने, खाणी, मळे यांना लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील अशा दुकानांना आणि संस्थांनाही लागू आहे. रोजंदारीवरच्या बाईलाही हा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्या बाईची मुदत रजेच्या मध्येच संपली, तरी तिचा लाभ बुडत नाही, असे त्याच न्यायालयाने २०२३ साली सांगितले. "तू पर्मनंट नाहीस, तुला काही मिळत नाही," असे कोणी म्हणाले तर लगेच मान हलवू नका.

सरकारी नोकरीतल्या बायकांचे रजेचे नियम वेगळे आहेत. त्यांनी आपल्या कचेरीतले नियम वाचून घ्यावेत.

काय काय मिळते?

एक. पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवडे पगारी रजा. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. दोन मुले हयात असतील तर पुढच्या बाळंतपणाला बारा आठवडे.

दोन. बाळंत झाल्यावर सहा आठवडे बाईला कामावर घेणे हाच गुन्हा आहे. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. आपल्या आजीबाईंचा सव्वा महिना आणि कायद्याचे सहा आठवडे यांत फार अंतर नाही.

तीन. दिवस भरत आले की जड ओझे उचलण्याचे किंवा तासन् तास उभे राहण्याचे काम मालकाने देऊ नये. मात्र त्यासाठी बाईने तसे मागावे लागते. न बोलता सोसत राहिले तर कोणाला कळणार?

चार. गर्भपात झाला तर सहा आठवडे पगारी रजा. हे दुःख बायका लपवतात आणि चौथ्या दिवशी कामावर उभ्या राहतात. तसे करू नये. डॉक्टरचा दाखला घ्यावा आणि रजा घ्यावी.

पाच. रजेवर आहे म्हणून बाईला कामावरून काढणे बेकायदा आहे.

सहा. परत कामावर गेल्यावर बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या सुटीखेरीज, दिवसातून दोनदा बाळाला पाजायला सुटी मिळते. पन्नास किंवा अधिक माणसे असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आले पाहिजे.

एक गोष्ट मात्र टाळा. रजेचा पगार चालू असताना दुसऱ्या ठिकाणी पगारावर काम धरू नका. तसे केल्यास त्या काळाच्या लाभावरचा हक्क जातो.

पैशाचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. एका बाईची सरासरी मजुरी रोज ५०० रुपये आहे, असे धरा. सव्वीस आठवडे म्हणजे २६ गुणिले ७, म्हणजे १८२ दिवस. यात रविवारही धरतात. १८२ गुणिले ५०० बरोबर ९१,००० रुपये.

या बाईने सातव्या महिन्यात राजीनामा दिला आणि मालकाने हात झटकले, तर हे ९१,००० रुपये मिळवण्यासाठी तिला भांडत बसावे लागेल. तिने रजा घेतली तर ते हक्काने मिळतील. पुढे ती कामावर गेली काय, न गेली काय, ते पैसे बाळाच्या दुधाला, औषधाला आणि तिच्या स्वतःच्या खाण्यापिण्याला उपयोगी पडतील. डिंकाचे लाडू काही फुकट होत नाहीत.

पैसे कसे मिळतात? दिवस असल्याचा डॉक्टरचा दाखला दिला की बाळंतपणाच्या आधीच्या काळाचे पैसे आगाऊ मिळावेत. बाळ झाल्याचा दाखला दिल्यावर ४८ तासांत बाकीचे मिळावेत. ई.एस.आय. असलेल्या बाईला हे पैसे मालक देत नाही, विमा योजना देते. १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार या योजनेत घेतले गेले. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर ई.एस.आय.ची कपात आहे का, ते पाहा. वाचता येत असेल तर स्वतः वाचा. शिकण्याचा उपयोग इथेच आहे.

रजा कधीपासून घ्यावी?

निर्णय झालेला नसेल तर ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. रजा एकूण सव्वीस आठवडे. पुढे जास्त घेतली तर मागे कमी उरते.

समजा, डॉक्टरांनी १५ ऑक्टोबर ही तारीख दिली. बाईने पूर्ण आठ आठवडे आधी, म्हणजे २० ऑगस्टपासून रजा घेतली. मग रजा १७ फेब्रुवारीला संपेल. तेव्हा बाळ चार महिन्यांचे असेल. तिने दोनच आठवडे आधी, म्हणजे १ ऑक्टोबरपासून रजा घेतली तर ती ३१ मार्चला संपेल. तेव्हा बाळ साडेपाच महिन्यांचे असेल. बाळाला पहिले सहा महिने आईचेच दूध द्यावे असे डॉक्टर सांगतात. साडेपाच महिन्यांचे बाळ त्या मुदतीच्या अगदी जवळ आलेले असते. शिवाय तोवर आईलाही अंदाज आलेला असतो की बाळ कसे आहे, रात्री झोपते की जागवते, आजीकडे राहते की नाही.

म्हणून तब्येत चांगली असेल आणि काम बसून करण्याचे असेल, तर पुढची रजा थोडी आणि मागची जास्त ठेवणे सोयीचे पडते. पण हा नियम सगळ्यांना सारखा नाही. नागपूरचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये काम असेल आणि तारीख जूनमधली असेल, तर आधीच रजेवर गेलेले बरे. रक्त कमी असेल, पायांवर सूज असेल, रक्तदाब वाढला असेल, तर डॉक्टर सांगतील तेव्हाच थांबावे. नोकरी पुन्हा लागू शकते. जीव पुन्हा मिळत नाही.

माहेरी बाळंतपण व्हायचे असेल तर आणखी एक विचार करा. ई.एस.आय.ची आणि दवाखान्याची कागदपत्रे बरोबर घेऊन जा. माहेर दुसऱ्या गावी असेल तर तिथे दाखला कोण देईल, तो इकडे कसा पोहोचेल, हे आधीच ठरवा.

मालकाला काय सांगावे?

पुष्कळ बायकांची अडचण इथे असते. साहेब विचारतात, "परत येणार आहेस ना?" बाई गोंधळते. "नाही" म्हटले तर रजा जाईल अशी भीती. "हो" म्हटले तर खोटे बोलल्यासारखे वाटते.

सरळ उत्तर असे द्यावे: "मी रजेवर जाते आहे, साहेब. रजा संपली की कामावर यायचे, असाच आज हिशेब आहे. काही बदल झाला तर वेळेवर लेखी कळवीन." यात एक अक्षर खोटे नाही. जोवर राजीनामा दिलेला नाही, तोवर रजा संपल्यावर कामावर हजर होणे हाच हिशेब असतो. मन अजून दोलायमान आहे, हे सगळ्यांना सांगत बसण्याची गरज नाही. ती घरातली गोष्ट आहे.

मात्र आपलीही एक जबाबदारी आहे. आपल्या जागी दुसरे माणूस ठेवावे लागते. म्हणून रजेची तारीख आयत्या वेळी सांगू नका. दोन-तीन महिने आधी कल्पना द्या. हातातले काम समजावून द्या. मालकाशी नीट वागलेली बाई उद्या परत आली किंवा दुसरीकडे गेली, तरी तिच्याबद्दल चांगलेच बोलले जाते.

अर्ज लेखीच द्यावा. त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, आणि त्या प्रतीवर "मिळाला" असे लिहून सही-शिक्का घ्यावा. यालाच पोच म्हणतात. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. पोच राहते. अर्ज असा लिहावा:

"मा. व्यवस्थापक साहेब यांस,
मी आपल्याकडे ______ खात्यात ______ सालापासून काम करते. डॉक्टरांनी माझ्या बाळंतपणाची तारीख ______ दिली आहे. दाखला सोबत जोडला आहे. तरी मला दिनांक ______ पासून सव्वीस आठवडे बाळंतपणाची पगारी रजा मिळावी. या काळात मी दुसरीकडे काम करणार नाही. माझे पैसे मला न मिळाल्यास ______ यांच्याकडे द्यावेत, ही विनंती.
दिनांक ______ सही ______"

या अर्जात "परत येईन" किंवा "येणार नाही" असे काहीच लिहिलेले नाही. लिहायची गरजही नाही. कोणी छापील कागद पुढे केला आणि "इथे सही कर" म्हटले, तर तो वाचल्याशिवाय सही करू नका. रजेच्या अर्जाबरोबर राजीनाम्याच्या कागदावरही सही घेऊन ठेवणारे लोक असतात. म्हणून वाचा, आणि न समजले तर घरी नेऊन दुसऱ्याकडून वाचून घ्या.

हक्क नाकारला तर कामगार खात्याच्या कचेरीत तक्रार करता येते. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईमाणसाला तिथे कायद्याची मदत फुकट मिळते. ती १९८७ च्या कायद्यानेच दिलेली आहे.

ज्यांना ही रजा नाही, त्यांनी काय करावे?

घरोघरी भांडी घासणाऱ्या बाईला, दोन नोकरांच्या दुकानातल्या बाईला, स्वतःचा भाजीचा ठेला असणाऱ्या बाईला ही पगारी रजा मिळत नाही. ही आपल्या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे. तरी हात बांधून बसू नये. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये हप्त्याने मिळतात. दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. अंगणवाडीताईकडे किंवा आशाताईकडे लवकर नाव नोंदवा. बांधकामावर काम करणाऱ्या बाईने बांधकाम कामगार मंडळात नाव घातलेले असेल तर प्रसूतीसाठी तिथूनही मदत मिळते. आणि बाळंतपण सरकारी दवाखान्यात करा. नागपुरात बायकांसाठी डागा दवाखाना आहे, मेयो आहे, मेडिकल आहे.

निर्णय केव्हा आणि कसा करावा?

रजा संपायला एक महिना उरला की घरात निवांत बसा. नवरा, सासू किंवा आई, आणि तुम्ही. एक कागद घ्या. मध्ये रेघ मारा. एका बाजूला "गेले तर" आणि दुसऱ्या बाजूला "राहिले तर" असे लिहा. मग हे प्रश्न विचारा.

बाळाला कोण पाहील? नाव लिहा. "पाहू कोणीतरी" असे लिहू नका. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना दिवसभर बाळ सांभाळणे झेपेल का, हे त्यांनाच विचारा.

हातात किती उरेल? समजा महिना पगार १३,००० रुपये. ऑटो-बसला १,५०० गेले, बाळ सांभाळणाऱ्या बाईला ४,००० गेले, तर ७,५०० उरले. हा आकडा थोडा दिसतो. पण नोकरीबरोबर प्रॉव्हिडंट फंड असतो, ई.एस.आय.चा दवाखाना साऱ्या घराला असतो. तेही मोजा. सलग पाच वर्षे भरायला थोडेच महिने उरले असतील तर ग्रॅच्युइटीचा विचार करा. रजेचे दिवस त्यात नोकरीचेच धरतात.

घरातले काम कोण करील? बाई कामावर जाणार आणि आल्यावर स्वयंपाक, धुणी, बाळ सगळे तिनेच पाहणार, असे असेल तर ती चार महिन्यांत आजारी पडेल. नवऱ्याने कोणती कामे घ्यायची ती कागदावर लिहून घ्या. बापालाही बाळाचे लंगोट बदलता येतात. त्यात मर्दपणा कमी होत नाही.

आणि शेवटचा प्रश्न: तुम्हाला स्वतःला काय वाटते? हा प्रश्न कोणी विचारत नाही. काही बायकांना कामावर गेले की बरे वाटते. काहींना बाळाला सोडून पाऊल उचलत नाही. दोन्ही प्रकारच्या बाया चांगल्या आया असतात. नोकरी करणारी आई मायेत कमी पडत नाही, आणि घरी राहणारी आई रिकामी नसते.

उत्तर तीन प्रकारचे येईल. जायचे ठरले तर रजा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी हजर व्हा, आणि दूध पाजायच्या सुटीचे पहिल्याच दिवशी सांगा. थोडा वेळ आणखी हवा असेल तर शिल्लक रजा किंवा बिनपगारी रजा लेखी मागा. घरी बसून होण्यासारखे काम असेल तर तेही विचारून पाहा. मालकाने मान्य केले तर तशी सोय कायद्यात आहे. आणि सोडायचे ठरले तर नेमणुकीच्या पत्रात जितक्या दिवसांची नोटीस लिहिली असेल, तितकी लेखी नोटीस देऊन सोडा. नुसते घरी बसून राहू नका. तसे केले तर राहिलेला पैसा आणि कामाचा दाखला दोन्ही अडकतात.

नोकरी सोडणे हा अपराध नव्हे. पण ती विचार करून सोडावी. हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये, असे आपल्याकडे म्हणतात. सातव्या महिन्यात नोकरी तुमच्या हातात असते, आणि पुढचे दिवस कसे येतील ते कोणालाच ठाऊक नसते. सव्वीस आठवड्यांचा हा वेळ विश्रांतीसाठी आहे, बाळासाठी आहे, आणि विचार करण्यासाठीही आहे. तो पुरता घ्या. मग जो निर्णय होईल तो तुमचा असेल, घाईचा नसेल.